मुख्याध्यापकांची मूल्ये आणि शाळेपुढचे प्रश्न

शाळेपुढचे प्रश्न दोन प्रकारचे असतात. वेतनदेयक शालार्थ प्रणालीत कसे भरायचे, पोषण आहाराच्या तांदळाची नोंद कुठे घ्यायची, यू-डायसची माहिती केव्हा पाठवायची, यांची उत्तरे परिपत्रकात सापडतात. मुख्याध्यापक कोणीही असला तरी ती बदलत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांत माहिती अपुरी असते, दोन नियम एकमेकांना आडवे येतात किंवा नियमच गप्प असतो. दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला सातवीतला मुलगा मार्चमध्ये परत येतो. त्याला वर्गात बसवा, एवढे शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्याच्या बुडालेल्या महिन्यांचे काय करायचे, कोणी करायचे आणि त्यासाठी कोणत्या शिक्षकाला काय सांगायचे, हे कायद्यात नाही. इथपासून मुख्याध्यापक माणूस म्हणून काय मानतो, ते शाळेच्या कारभारात उतरू लागते.

मूल्य म्हणजे काय हवे, काय योग्य आणि कशासाठी काय सोडता येईल, याविषयीची टिकाऊ धारणा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांनी 1973 मध्ये मूल्यांची दोन भागांत विभागणी केली. एका बाजूला समता, सुरक्षितता यांसारखी साध्ये आणि दुसऱ्या बाजूला प्रामाणिकपणा, आज्ञाधारकपणा यांसारखी वागण्याची साधने. शाळेच्या कारभारासाठी त्याहून उपयोगी पडली ती कॅनडाचे क्रिस्टोफर हॉजकिन्सन यांची मांडणी. त्यांनी मूल्यांच्या पायऱ्या कल्पिल्या. सर्वांत खाली निव्वळ आवड, म्हणजे मला हे बरे वाटते. मधल्या पायरीवर दोन कसोट्या, बहुतेकांना काय मान्य आहे आणि याचे परिणाम काय होतील. सर्वांत वर तत्त्व, म्हणजे परिणाम काहीही होवोत, हे केलेच पाहिजे. पॉल बेग्ली आणि ओलोफ जोहान्सन यांनी कॅनडा व स्वीडनमधील मुख्याध्यापकांचा अभ्यास केला. रोजच्या निर्णयांत मुख्याध्यापक बहुधा मधल्या पायरीवरच राहतात, तत्त्वाची भाषा ते निकडीच्या प्रसंगासाठी राखून ठेवतात, असे त्यांना आढळले.

याच विषयावर केनेथ लीथवुड आणि रोझॅन स्टाइनबाख यांनी मुख्याध्यापकांना प्रसंग देऊन ते कसे सोडवाल, असे विचारले आणि त्यांची विचारप्रक्रिया उलगडून पाहिली. 1995 च्या त्यांच्या पुस्तकात हे काम एकत्र आले. सरावाच्या प्रश्नांत मुरलेल्या आणि सामान्य मुख्याध्यापकांत फारसा फरक पडत नव्हता. गुंतागुंतीच्या प्रश्नांत मात्र तो ठळक होता. मुरलेल्यांना आपली मूल्ये कोणती हे स्पष्ट ठाऊक होते आणि पूर्वानुभव तोकडा पडला की ते त्यांच्याच आधारे वाट काढत. या अभ्यासपरंपरेने मूल्ये दोन मार्गांनी काम करतात असे धरले आहे. कधी ती थेट कृती ठरवतात. कधी ती चाळणीसारखी काम करतात, म्हणजे काय दिसावे आणि काय नजरेआड व्हावे, हे आधीच ठरवून टाकतात. पहिला मार्ग चटकन लक्षात येतो, पण महाराष्ट्रातल्या शाळांचा विचार करताना दुसरा अधिक महत्त्वाचा ठरतो.

याचे कारण फुलसावंगीसारख्या गावात उभे राहून पाहिले की कळते. फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातले पैनगंगेच्या खोऱ्यातले मोठे गाव. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. हा मुलूख कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. या पट्ट्यात बंजाऱ्यांचे तांडे आहेत, आंध आदिवासींची वस्ती आहे, गावागावांत मुस्लिम कुटुंबे आहेत. घरी गोरमाटी, उर्दू किंवा वऱ्हाडी बोलणारी मुले प्रमाण मराठीतल्या पुस्तकासमोर येऊन बसतात. पहिलीतले मूल वर्गात गप्प असते. एक मुख्याध्यापक नोंद करतो, ‘मराठी येत नाही, अप्रगत.’ दुसरा विचारतो, या मुलाची भाषा शाळेत कोणाला येते? मूल तेच आणि शाळाही तीच. पहिल्याने दोष मुलात पाहिला, म्हणून त्याचे उत्तर जादा तासांवर थांबते. दुसऱ्याला तो शाळेत दिसला, म्हणून तो तांड्यावरच्या एखाद्या शिकलेल्या मुलीला वर्गात बोलावतो, शिक्षकाला गोरमाटीतले पन्नास शब्द शिकायला लावतो. उत्तर शोधण्याआधीच, प्रश्नाला नाव देतानाच, मूल्याने आपले काम केलेले असते.

गैरहजेरीचेही असेच आहे. ‘पालक उदासीन आहेत’ हे वाक्य ग्रामीण महाराष्ट्रातल्या कोणत्याही शैक्षणिक बैठकीत हमखास ऐकू येते. ते एकदा उच्चारले की प्रश्न शाळेच्या हद्दीबाहेर जातो. याला सर्वांत सुंदर उत्तर ठाणे जिल्ह्याच्या (आजच्या पालघरच्या) किनारपट्टीत मिळाले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखत होती आणि धाकट्या भावंडांना सांभाळत होती. या दोघींनी मुलांच्या कामाला उदासीनता म्हटले नाही. गुरे जिथे चरत तिथे शाळा नेली. ती कुरणशाळा. भावंडांसाठी पाळणाघर आणि बालवाडीही शाळेला जोडून दिली. मुलाचे घरचे काम मानाचे आहे आणि शाळेनेच त्याच्याकडे जायला हवे, हे मूल्य आधी होते. कुरणशाळेची युक्ती त्यातून निघाली. एरवी अशा युक्त्यांचे अनुकरण होते, मूल्य मागे राहते आणि वर्षभरात उपक्रम फायलीत जाऊन बसतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची सोय ठेवली आहे. मूल आजीजवळ किंवा नातलगाकडे गावातच राहते आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समिती करते. कागदावर ही योजना सगळीकडे सारखीच आहे. प्रत्यक्षात ती चालते कुठे? जिथला मुख्याध्यापक ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी येण्याआधी तांड्यावर जाऊन बसतो, तिथे.

मूल्यांत फरक असला की दोन थोर माणसेही एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे देतात, याचा मोठा दाखला महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासात आहे. बहुजन समाजातल्या गरीब मुलांनी शिकायला शहरात राहायचे कुठे, हा प्रश्न शाहू महाराजांपुढे होता. कोल्हापुरात 1901 पासून त्यांनी जातवार वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशी प्रत्येकाची स्वतंत्र. समाज एका पंगतीला बसायला तयार नव्हता. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी पैसा आणि माणसे पुढे केली, तर मुले निदान शिकतील तरी, असा तो परिणामांचा विचार होता, आणि तो फळाला आला. त्या कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढताना त्यांनी वेगळा रस्ता धरला. सर्व जातींची मुले, एक छप्पर, एक चूल. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. भाऊरावांच्या दृष्टीने एकत्र जेवणे हाच शिक्षणाचा एक भाग होता. त्यापायी देणग्या अडल्या तरी चालतील, ही किंमत त्यांनी आधीच मान्य केली होती. हॉजकिन्सनच्या भाषेत पहिले उत्तर मधल्या पायरीवरचे आणि दुसरे वरच्या. यात एक थोर आणि दुसरे कमी, असे ठरवण्याची घाई करू नये. 1901 च्या कोल्हापुरात एका चुलीचा आग्रह धरला असता, तर किती समाजांनी आपली मुले पाठवली असती, याचा विचार शाहू महाराजांनी केला होता. आणि त्या जातवार वसतिगृहांतूनच पुढे एका चुलीची हिंमत करणारा माणूस घडला.

पुण्यातला त्याआधीचा वादही याच जातीचा. न्यू इंग्लिश स्कूल 1880 मध्ये निघाले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 मध्ये. आजीव सदस्यांनी किती वेतनावर राहायचे आणि बाहेरची कामे व मिळकत करायची की नाही, यावर टिळक एका बाजूला आणि आगरकर, आपटे, गोखले दुसऱ्या बाजूला गेले. टिळकांना संस्थेसाठी पूर्ण त्यागच मान्य होता. संसार असलेल्या शिक्षकाच्या गरजा ही आगरकरांच्या दृष्टीने कमीपणाची गोष्ट नव्हती. 1890 मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. शाळा एकच होती, ध्येयही एकच होते. फूट पडली ती मूल्यांच्या क्रमावरून.

आजच्या मुख्याध्यापकापुढे इतका भव्य पट नसतो. त्याच्या हातात अधिकारही थोडे असतात. जिल्हा परिषद शाळेत शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या वरून होतात. खाजगी अनुदानित शाळेत संस्थाचालकांचे वजन असते. 1977 चा खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि 1981 ची नियमावली यांनी मुख्याध्यापकपद बहुतांशी सेवाज्येष्ठतेशी बांधले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 150 हून अधिक मुले असली तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. लहान गावांत आणि तांड्यांवर वर्ग सांभाळणारा शिक्षकच प्रभारी असतो. तेव्हा अशा माणसाची मूल्ये दिसणार कुठे? ती लहान गोष्टींत दिसतात. दाखला, हजेरीपट, परीक्षेची खोली, शाळेचे फाटक.

फाटकाचेच घ्या. प्रार्थनेच्या वेळी फाटक बंद करायचे, हा नियम अनेक शाळांत आहे आणि शिस्त हे खरे मूल्य आहे. पण बाहेरगावची मुले एसटीने येतात आणि गाडी चुकली किंवा उशिरा आली, तर त्यात मुलीचा दोष नसतो. एखाद्या शाळेत तिला बाहेर उभे करतात. दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापक आगारप्रमुखाला पत्र लिहितो आणि तोवर पहिल्या तासाचे वेळापत्रक हलवतो. अशा दहा-वीस निर्णयांतून मुलगी आठवीनंतर शाळेत राहते की घरी बसते, हे ठरत जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्याबाबत कायद्याने मुख्याध्यापकाचे हात बांधले आहेत, ते योग्यच झाले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 नुसार दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि दाखला देण्यास उशीर करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. तरीही पट टिकावा म्हणून दाखला अडवण्याचा मोह होतो, कारण पट गेला की शिक्षक जातो.

पटाचा प्रश्न हा महाराष्ट्रातल्या मुख्याध्यापकाच्या सचोटीची सर्वांत कठीण परीक्षा आहे. शिक्षकांची पदे संचमान्यतेने ठरतात आणि संचमान्यता विद्यार्थीसंख्येवर ठरते. दोन मुले कमी पडली तर वीस वर्षे सोबत काम केलेला सहकारी अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाच्या यादीत जातो. अशा वेळी गावातून गेलेल्या मुलाचे नाव हजेरीपटावर तसेच ठेवण्यामागे नेहमीच लबाडी असते असे नाही. सहकाऱ्यावरची निष्ठा, त्याच्या घरची काळजी, शाळा बंद पडेल ही भीती, ही सारी माणुसकीची कारणे असतात. म्हणूनच हा मोह घातक. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या तपासणीने या प्रकाराला वाचा फुटली आणि 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एक मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. शाळाशाळांत न दिसणाऱ्या मुलांची संख्या लाखांत निघाली. खोट्या नावावर तांदूळ, गणवेश, अनुदान उचलले जाते हा त्यातला एक भाग. दुसरा त्याहून वाईट आहे. हजेरीपटावर नाव असलेले मूल शाळाबाह्य मुलांच्या यादीत येत नाही, त्यामुळे त्याला शोधायला कोणी जात नाही. सहकाऱ्याची नोकरी वाचवताना एक मूल हरवते, आणि ते हरवल्याची नोंदही राहत नाही. निष्ठा आणि सचोटी यांच्या या झटापटीत मुलाची बाजू मांडणारे तिथे कोणी नसते. ती मुख्याध्यापकालाच मांडावी लागते. शिक्षकसंख्येचे निकष 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने पुन्हा बदलले. त्यामुळे कमी पटाच्या शाळांत ही ओढाताण आणखी वाढली आहे.

परीक्षेच्या खोलीत करुणा आणि न्याय यांची गाठ पडते. दहावीच्या केंद्रावर मुख्याध्यापक बहुधा केंद्रसंचालक असतो. खिडकीबाहेर गावातली ओळखीची माणसे उभी असतात. ‘आपलीच पोरं आहेत, वर्ष वाया जाईल,’ हे म्हणणे दुष्ट नसते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी एका वर्षाची किंमत काय, हे त्या मुख्याध्यापकाला पक्के ठाऊक असते. नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम राबवली आणि पुढे तिचे अनुकरण राज्यात झाले. 1982 चा परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा तर कधीचाच होता. मोहिमेच्या वर्षी निकाल घसरतो आणि त्याच वर्षी कळते की मुलांना नववीपर्यंत काय शिकवले गेले नव्हते. मार्चमधल्या या करुणेने जूनपासूनच्या दुर्लक्षावर पांघरूण घातलेले असते. ज्या मुख्याध्यापकाला मुलांची खरोखर कणव आहे, तो ती ऑगस्टमध्ये जादा वर्ग घेऊन दाखवतो.

फुलसावंगीच्याच महागाव तालुक्यातले चिलगव्हाण हे गाव महाराष्ट्राला दुःखद कारणाने ठाऊक आहे. तिथले शेतकरी साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी व मुलांसह जीवन संपवले. त्या दिवशी अन्नत्याग करण्याची प्रथा किसानपुत्र आंदोलनाने पुढे रुजवली. कर्ज, नापिकी आणि वडिलांचा मृत्यू पाठीशी असलेली मुले या जिल्ह्यातल्या वर्गांत आजही बसतात. फी, सहलीची वर्गणी, गणवेशाचा दुसरा जोड मागताना मुख्याध्यापक कोणाला सर्वांसमोर उभे करतो आणि कोणाला खाजगीत बोलावतो, यातून आत्मसन्मान हे मूल्य त्याच्या लेखी किती किमतीचे आहे, ते दिसते. त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

मूल्ये म्हणजे चांगलीच मूल्ये, असे समजणे ही या विषयातली जुनी गफलत आहे. जातीचा अभिमान, मुलींविषयीचा संशय, वरिष्ठांपुढची लीनता आणि ‘शाळेची बदनामी नको’ ही प्रतिष्ठेची ओढ ही देखील व्यक्तिगत मूल्येच आहेत, आणि तीही प्रश्न सोडवतात. मुलीची छेड काढल्याची तक्रार आली की तिलाच घरी बसवणे, मारकुट्या शिक्षकाला समज देऊन प्रकरण मिटवणे, मुलीचे लग्न ठरल्याचे कळूनही ‘घरचा मामला’ म्हणून गप्प राहणे, ही त्यांची उत्तरे आहेत. म्हणून काही प्रश्न मुख्याध्यापकाच्या विवेकावर सोडायचे नाहीत, असे कायद्याने ठरवले आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी करते. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्रात 2022 पासून शाळाशाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापायच्या आहेत. याबाबतीत सूट मागणाऱ्या मुख्याध्यापकाला नाहीच म्हटले पाहिजे.

या विषयावरच्या संशोधनाच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. त्यातले बरेचसे मुलाखतींवर उभे आहे आणि मुलाखतीत माणूस आपल्या निर्णयाला नंतर शोभेसे कारण देतो. क्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी 1974 मध्येच दाखवले की माणसे सांगतात एक सिद्धांत आणि वागतात दुसऱ्याने, आणि हा फरक बहुधा त्यांच्या स्वतःच्याच लक्षात येत नाही. मुख्याध्यापकाच्या कक्षातल्या भिंतीवरची सुवचने वाचून त्याची मूल्ये कळत नाहीत. दाखलखारीज रजिस्टर, तक्रारपेटीची नोंद आणि शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त वाचून ती कळतात. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. पण इतिवृत्तावर त्यांच्या सह्या घरपोच घेतल्या जातात की बैठकीत त्या बोलतात, हा फरक कोणत्याही प्रश्नावलीत सापडणार नाही. शिवाय कॅनडातल्या शाळेत जात, संस्थाचालकाचे घराणे आणि पंचायतीचे राजकारण नसते. तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाची यंत्रणा देशात उभी आहे. दिल्लीत 2012 मध्ये राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र सुरू झाले. 2019 पासून ‘निष्ठा’ हा प्रशिक्षण कार्यक्रम आला. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षक व मुख्याध्यापकांसाठी वर्षाला 50 तासांचे प्रशिक्षण सुचवले. या तासांतला मोठा भाग मात्र योजना, पोर्टल आणि अहवाल यांत जातो, म्हणजे ज्यांची उत्तरे परिपत्रकात आहेत अशा पहिल्या प्रकारच्या प्रश्नांत. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांसाठी मुख्याध्यापकाला जवळ कोणी नसते. अशा सल्लामसलतीची जागा शाळांच्या केंद्रस्तरावर आधीच आहे. तिथे शिक्षण परिषद भरते आणि त्यात एकाच परिसरातल्या शाळा एकत्र येतात. केंद्रप्रमुखांनी प्रत्येक परिषदेत अर्धा तास राखून ठेवावा. एका मुख्याध्यापकाने आपल्या शाळेतला अडलेला निर्णय, मुलाचे नाव न सांगता, सर्वांपुढे मांडावा. आपण काय केले आणि का केले हे सांगावे, आणि बाकीच्यांनी आपण काय केले असते ते बोलावे. यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.